बाळंतपणाचा विमा आणि दवाखान्याची वाट

विम्याचा धंदा अनपेक्षित संकटावर चालतो. आग कोणाच्या घराला लागेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून अनेकांच्या हप्त्यांतून एकाचे नुकसान भरून निघते. बाळंतपण या हिशेबात बसत नाही. ते कित्येक महिने आधी कळते, पुष्कळदा ठरवूनही होते. मूल हवे तेव्हाच लोक पॉलिसी घेतील आणि मग सोडून देतील, ही विमा कंपन्यांची धास्ती. त्यामुळे वैयक्तिक आरोग्य विम्यात प्रसूतीचा खर्च एक तर वगळलेला असतो, नाहीतर बहुधा दोन ते चार वर्षे थांबल्यावर आणि ठरावीक रकमेपर्यंतच मिळतो. काही पॉलिसींत ही मुदत नऊ महिन्यांवर आली आहे. दिवस गेल्यावर पॉलिसी काढली, तर त्या बाळंतपणाला तिचा सहसा काही उपयोग होत नाही.

सगळ्यांना एकदम विम्याखाली घेतले की ही धास्ती उरत नाही. नोकरीतल्या गट विम्यात म्हणूनच प्रसूतीचा खर्च अनेकदा पहिल्या दिवसापासून मिळतो. १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विमा योजनेचे तत्त्वही हेच. २०१७ पासून तिची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. कामगार स्त्रीला उपचार आणि वर्गणीची अट पूर्ण झाल्यास २६ आठवडे वेतनभरपाई मिळते. कामगाराच्या बायकोच्या बाळंतपणाचीही सोय होते. ऊसतोडीला जाणारी किंवा धुणीभांडी करणारी बाई मात्र या वर्तुळाबाहेर राहते.

तिच्यासाठी विम्याचे काम सरकारी तिजोरी करते. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने दवाखान्यात बाळंत होणाऱ्या स्त्रीला रोख मदत सुरू केली. पण औषधे, तपासण्या आणि गाडीभाडे खिशातूनच जात होते. ते २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने बंद करायचे ठरवले: सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, रक्त, जेवण आणि घर ते दवाखाना ये-जा, सगळे मोफत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याचे दिसले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ९५ टक्के होते.

खर्च कोण देणार हे ठरले, तरी उपचार कोण करणार हा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक अवघड आहे. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकाच जागी, रात्रीही हव्यात. यातली एक नसली तरी ग्रामीण रुग्णालयाला ‘पुढे न्या’ एवढेच सांगता येते. कमतरता बहुतेकदा भूलतज्ज्ञाची असते. म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना भूल आणि सिझेरियनचे खास प्रशिक्षण देण्याचा मार्ग सरकारने काढला. मात्र प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर बदलीवर दुसरीकडे गेला, की ती मेहनत वाया जाते.

डॉक्टर असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तेथे ॲम्ब्युलन्स वाढवून भागत नाही. बाईला दिवस भरण्याआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवावे लागते. आदिवासी भागांतली ‘माहेरघर’ योजना हेच करते: आरोग्य केंद्राच्या आवारात गरोदर स्त्री आणि तिच्या सोबतच्या माणसाची राहण्याची सोय. तिला वेळेवर घराबाहेर काढण्याचे काम गावातल्या आरोग्य कार्यकर्तीचे, म्हणजे आशाताईंचे. घरी लहान मुले आणि शेतातली कामे टाकून तिला येऊ द्यायला घरचे राजी नसतात, त्यांची समजूत बहुतेकदा आशाताईंनाच काढावी लागते.

शहरांत नेमके उलटे चित्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या होत्या. सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. केवळ विम्याची रक्कम वाढवली, तर ती याच प्रवाहात वाहून जाण्याची भीती आहे. सरळ बाळंतपणांसाठी प्रशिक्षित सुईण-परिचारिका हा त्यावरचा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे. केंद्राने २०१८ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दीड वर्षाचे प्रशिक्षण ठरवले. पैसा पॉलिसीइतकाच या परिचारिकांच्या पदांवर आणि तालुक्याच्या भूलतज्ज्ञावर खर्च झाला पाहिजे.