वॉकीटॉकी मुका झाला की

“भाऊ, तिकडचं ऐकू येतं, पण आपलं जात नाही.” गिऱ्हाइकाच्या या एका वाक्यात अर्धं निदान आलं. ऐकायला वीज थोडीच लागते. बोलायचं बटण दाबलं की पाच वॅटचा संच एक-दीड अँपिअर ओढतो. थकलेली बॅटरी एरवी 7.4 व्होल्ट दाखवते आणि बटण दाबताच कोसळते. म्हणून मल्टिमीटर लावायचा तो बटण दाबूनच.

पण अँटेना काढून बटण कधीही दाबू नये. शक्ती बाहेर न पडता उलटी फिरते आणि आउटपुटचा ट्रान्झिस्टर उडू शकतो. टेबलावर अँटेनाच्या जागी 50 ओहमचा डमी लोड लावतात.

बऱ्हाणपूर पॉवरलूमचं गाव. कारखान्यातला संच आला, तर माइकचं भोक आधी बघावं. कापसाचा भुगा बसला की आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. सुईने टोचू नका, आतला पडदा फाटतो. मऊ ब्रश पुरे.

संच पूर्ण गप्प असेल, तर मॉनिटर बटण दाबा. तेव्हा बोलणं ऐकू आलं, तर बहुधा दोन संचांचा टोन जुळत नाही. चॅनल एकच, पण 67 ते 250 हर्ट्झमधला हा बारीक सूर वेगळा असला की स्पीकर उघडत नाही. अशा वेळी संच उगाच खोलून स्क्रू हरवू नयेत.

आणि असीरगडाच्या डोंगराआडून आवाज येत नसेल, तर दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत. वॉकीटॉकीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर काही बिघाड नाही.