साथ कोविडची, मग लस फ्लूची कशाला?

2020 मध्ये अनेकांना हा प्रश्न पडला होता. फ्लूच्या लशीने कोविड थांबत नाही, तरी डॉक्टर ती घ्यायला का सांगतात?

कोविड तिने थांबत नाही, हे खरंच आहे. लस शरीराला विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची ओळख करून देते. वॉचमनला चोराचा फोटो देऊन ठेवावा, तसं हे काम. फोटोतला चोर आला की वॉचमन त्याला लगेच अडवतो, दुसऱ्याला मात्र ओळखत नाही. फ्लू आणि कोविडचे विषाणू वेगळ्या कुळांतले आहेत.

फ्लूचा विषाणू तर चेहराही बदलत राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी, लशीतले विषाणू नव्याने सुचवते. 2009 मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा नेहमीची लस उपयोगी नव्हती, वेगळी बनवावी लागली.

मग कोविडकाळात फायदा काय? फ्लूचे गंभीर रुग्ण घटले, की खाटा आणि ऑक्सिजन कोविडच्या रुग्णांना मिळतात. दोन्ही आजार एकदम होण्याचा धोकाही कमी होतो. म्हणूनच आरोग्य कर्मचारी, ज्येष्ठ, गर्भवती आणि दमा-मधुमेहाच्या रुग्णांना प्राधान्य द्यायला सांगितलं गेलं.

संरक्षण तयार व्हायला सुमारे 2 आठवडे लागतात. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो. त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांच्या लशीबद्दल डॉक्टरांशी मे महिन्यातच बोला.