आजीच्या आठवणी शोधणारं चित्रपुस्तक

‘विल्फ्रिड गॉर्डन मॅक्डॉनल्ड पार्ट्रिज’ (१९८४). लेखिका मेम फॉक्स, चित्रं ज्युली विवास यांची. माझं फार लाडकं पुस्तक!

वृद्धाश्रमातल्या ९६ वर्षांच्या नॅन्सीच्या आठवणी हरवत चालल्यात. तिचा चिमुकला दोस्त विल्फ्रिड तिला शिंपले, कळसूत्री बाहुली, पदक, फुटबॉल आणि कोंबडीचं ऊन ऊन अंडं आणून देतो. पदक हातात येताच तिला युद्धावरून न परतलेला भाऊ आठवतो.

भोर-वेल्ह्यातल्या शिक्षकांनो, पुस्तक इंग्रजी आहे, पण चित्रं दाखवत मराठीत सांगा. भाटघर, पानशेत, वरसगाव धरणांच्या पाण्याखाली इथली गावं गेली. त्या गावांच्या आठवणी जागवायला मुलांना आजी-आजोबांसमोर जुनं इरलं, मापटं, जात्याचा खुंटा ठेवू द्या. ऐकलेलं त्यांनी चित्रांत उतरवावं. चित्रांखाली मजकूर अगदी थोडा असू द्या. सोबत माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ हे पुस्तक असेल, तर उत्तमच.