तोंडाच्या वासावर लाल प्रकाशाचा उपाय? आधी हे वाचा

किशोरवयीन मुलांच्या तोंडाचा वास प्रकाशाने जातो का? काही प्रमाणात, हो. जिभेवरच्या पांढऱ्या थरातले जंतू गंधकयुक्त वायू सोडतात, वास त्याचाच. या उपचारात दंतवैद्य जिभेला मिथिलीन ब्लू हा निळा रंग लावून लाल लेझर सोडतात. त्यातून तयार होणारा सक्रिय ऑक्सिजन जंतू मारतो. ब्राझीलमध्ये किशोरवयीनांवर झालेल्या प्रयोगांत वास कमी झाला. पण जंतू पुन्हा वाढतात, त्यामुळे रोज जीभ घासणं चुकत नाही.

यवतमाळात आणखी एक कारण तपासा: खर्रा. तो सुटल्याशिवाय लेझरचा उपयोग नाही. तिखट झोंबत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल तर लगेच दंतवैद्य गाठा. ती कर्करोगाआधीची पायरी असू शकते.