दिक, सिल आणि छातीवरची टिचकी: अठराव्या शतकात फुफ्फुसाचा आजार कसा ओळखायचे?

कर्जत-खालापूर भागात आपल्या घरांतली बुजुर्ग मंडळी टीबीला अजूनही टीबी म्हणत नाहीत. कुणी 'दिक' म्हणतं, कुणी 'तपेदिक', कुणी आवाज खाली आणून नुसतं 'छातीचं दुखणं'. मराठीत हाच क्षय, आणि वैद्यांच्या पोथीत राजयक्ष्मा. शाळेत पेशवाईचा इतिहास शिकवताना मुलं आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. माधवराव पेशव्यांकडे पैसा होता, सत्ता होती, हवा तो वैद्य बोलावता येत होता. मग ते २७ व्या वर्षी क्षयानं कसे गेले? प्रश्न चांगला आहे. उत्तर शोधताना आम्हाला तिब्ब-ए-युनानी, आयुर्वेद आणि युरोपची डॉक्टरी अशी तिन्ही दारं ठोठवावी लागली. जे हाती लागलं ते इथं मांडतो.

आधी पेशव्यांची गोष्ट थोडक्यात. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवाई आली. पुढची अकरा वर्षं त्यांनी निजाम, हैदरअली आणि घरातले काका राघोबा या सगळ्यांना तोंड दिलं. १७७० मध्ये हैदरवरची मोहीम त्यांना तब्येतीमुळं अर्धवट सोडावी लागली, फौज त्रिंबकराव पेठ्यांच्या हाती देऊन ते परत फिरले. शेवटचे दिवस थेऊरच्या चिंतामणी मंदिराच्या आवारात गेले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते वारले. काही अभ्यासक हा आतड्याचा क्षय होता असं मानतात. काही असो, त्या काळात छातीचा काय आणि पोटाचा काय, क्षय ओळखायची साधनं सारखीच होती: डोळे, बोटं, नाक आणि रुग्ण सांगेल ते.

हकीमसाहेब काय करायचे? आधी नब्ज, मग कारूरा म्हणजे बाटलीतली लघवी उजेडात धरून तिचा रंग, मग बलगम. नाडीचं त्यांचं ज्ञान वरवरचं नव्हतं. जातुल-जनब, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाची सूज, बरगडीत सुई टोचल्यासारखी कळ. यात नाडी 'मिनशारी' लागते, करवतीच्या दात्यांसारखी. जातुर-रिया म्हणजे आजचा न्यूमोनिया. त्यात ती 'मौजी', लाटेसारखी. दमा हा शब्द तर फारसी 'दम' म्हणजे श्वास यावरूनच आला, आणि तो मराठीत इतका मुरला की परका वाटत नाही.

दिक आणि सिल हे दोन शब्द आपण आज एकाच अर्थानं वापरतो, हकीम मात्र त्यात फरक करायचे. सिल म्हणजे फुफ्फुसात जखम होऊन खोकल्यातून रक्त आणि पू येणं. दिक म्हणजे अंगात मुरलेला बारीक ताप, जो उतरतच नाही. इब्न सीनानं आपल्या 'कानून'मध्ये दिकच्या तीन पायऱ्या दिव्याच्या मिसालीनं समजावल्या आहेत. आधी दिव्यातलं तेल जळतं, मग वातीत मुरलेलं तेल जळतं, शेवटी वातच जळायला लागते. पहिल्या पायरीवर इलाज सोपा पण ओळखणं कठीण. शेवटच्या पायरीवर ओळखणं सोपं, पण इलाज नाही. हे पुस्तक अकराव्या शतकातलं. औरंगजेबाच्या काळात हकीम मुहम्मद अकबर अर्जानी यांनी 'तिब्ब-ए-अकबर' हा मोठा ग्रंथ फारसीत आणला, आणि पूर्ण अठरावं शतक हिंदुस्तानातले हकीम अशाच फारसी किताबांवर शिकले.

वैद्यांकडेही हिशेब पक्का होता. चरकानं राजयक्ष्म्याची तीन, सहा आणि अकरा लक्षणांची रूपं सांगितली आहेत. तीन म्हणजे खांदे-बरगड्या दुखणं, हातापायांची आग आणि सगळ्या अंगात ताप. अकरा लक्षणं पुरी झाली आणि रुग्णाचं मांस-बळ गेलं, तर वैद्यानं हात घालू नये असंही स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे इथंही तेच. पक्कं निदान झालं तोवर वेळ निघून गेलेली.

बलगमची परीक्षा सगळ्यांत मजेशीर. खोकल्यातून येतो तो साधा कफ की पू, हे ओळखायचं कसं? युनानी म्हणजे ग्रीक लोकांपासून चालत आलेली रीत अशी: निखाऱ्यावर टाका, दुर्गंधी सुटली तर पू, पाण्यात टाका, तळाला गेला तर पू. दोन हजार वर्षं हीच 'लॅब' होती. युरोपातही हा प्रश्न इतका महत्त्वाचा होता की १७७८ मध्ये एडिंबरामध्ये कफ आणि पू वेगळे ओळखण्यावरच्या निबंधाला सोन्याचं पदक मिळालं. लिहिणारा होता चार्ल्स डार्विन. आपण ज्याला ओळखतो तो नव्हे, त्याचा काका, वैद्यकाचा विद्यार्थी. त्याच वर्षी तो अवघ्या १९ व्या वर्षी वारला.

आता १७६१ कडे परत येऊ. ज्या वर्षी इकडं पानिपत झालं, त्याच वर्षी युरोपात दोन पुस्तकं छापली गेली. एक इटलीतल्या मोर्गान्यी यांचं. त्यांनी शेकडो मृतदेह उघडून दाखवलं की आजार हवेत किंवा 'मिजाजा'त नसतो, तो शरीरातल्या एखाद्या ठरावीक अवयवात घर करून बसलेला असतो. दुसरं पुस्तक व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांचं, लॅटिनमध्ये, शंभर पानंसुद्धा नाहीत. हे आउएनब्रुगर ग्राट्स गावातल्या एका खानावळवाल्याचे चिरंजीव. दारूचं पिंप किती भरलंय हे बाहेरून ठोकून कळतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. डॉक्टर झाल्यावर त्यांनी तीच रीत माणसाच्या छातीवर वापरली.

यात कोडं काही नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठवर आहे हे बघायला आपण झाकण उघडत नाही, बाहेरून हातानं ठोकतो. रिकाम्या भागात आवाज घुमतो, पाणी आहे तिथं बद्द येतो. फुफ्फुसात हवा असते, म्हणून निरोगी छाती कापड टाकलेल्या डफासारखी वाजते. आत पाणी साचलं किंवा फुफ्फुस घट्ट झालं की तोच आवाज मांडीवर थाप मारल्यासारखा येतो. आउएनब्रुगर यांनी मृतदेहाच्या छातीत पाणी भरून, ठोकून, पाण्याची पातळी आणि आवाज यांचा मेळही बसवून पाहिला. कान तयार होताच. पुढं १७८१ मध्ये त्यांनी सालियेरी या संगीतकाराच्या ऑपेरासाठी संहितासुद्धा लिहिली.

आम्हाला इथं एक गोष्ट राहून राहून खटकते. युनानी तिब्बमध्ये इस्तिस्का, म्हणजे जलोदर, याचे प्रकार आहेत. त्यातल्या एकाचं नाव 'तबली', कारण पोटावर मारलं की तबल, म्हणजे नगारा, वाजतो. दुसरा 'जिक्की', म्हणजे पाण्यानं भरलेल्या मशकीसारखा. म्हणजे पोट ठोकून आत हवा की पाणी हे हकीम शेकडो वर्षं ओळखत होते! हात पोटावरून एक वीत वर सरकला असता तर? पण शोध असेच लागतात, शेजारच्या खोलीत वस्तू पडलेली असते आणि कुणी दार उघडत नाही.

आणि युरोपनं तरी कुठं उघडलं? व्हिएन्नातल्या बड्या डॉक्टरांनी हे पुस्तक बाजूला टाकलं. १८०८ मध्ये पॅरिसमधल्या कोर्व्हिसार यांनी त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठं टिचकी दवाखान्यात पोचली. वर्षभरात आउएनब्रुगर वारले. मग १८१६ मध्ये लाएनेक यांनी कागदाची सुरळी छातीला लावून आतला आवाज ऐकला आणि स्टेथोस्कोप आला. ते स्वतः १८२६ मध्ये क्षयानंच गेले.

ऑक्टोबर १७७२ मध्ये कंपनीचा वकील मॉस्टिन पुण्यात आला होता. समजा त्याच्याबरोबर लंडनचा नामी डॉक्टर असता, तरी त्यानं काय केलं असतं? नाडी पाहिली असती, जीभ पाहिली असती आणि शीर कापून रक्त काढलं असतं. ताप मोजायला थर्मामीटरही क्वचितच कुणी वापरायचं.

इलाजाच्या बाबतीत तिन्ही परंपरा एकमेकींच्या किती जवळ होत्या हे पाहून आम्हाला नवल वाटलं. वैद्यांनी शेळीचं दूध, शेळीचं तूप, शेळीचं मटण सांगितलं, इतकंच काय शेळ्यांच्या कळपात झोपायलाही सांगितलं. हकीम शेळीचं किंवा गाढविणीचं दूध द्यायचे. लंडनमध्येही क्षयाच्या रुग्णाला गाढविणीचंच दूध. खोकल्यासाठी अडुळसा, ज्याचं कुंपण आपल्याकडं गावोगाव दिसतं. जोशांद्यात उन्नाब, जेष्ठमध आणि 'सपिस्तां'; सपिस्तां म्हणजे दुसरं काही नाही, आपलं भोकर. सिलसाठी नदीचा खेकडा जाळून त्याची राख कापरासोबत वडीत घालत, कुर्स-ए-सर्तान काफूरी. आपल्याकडं सर्दी-खोकल्यावर चिंबोरीचा रस्सा पाजतात, त्याची आठवण व्हावी असंच हे.

यातलं बरचसं अंगात ताकद राखायला उपयोगी होतं. रुग्णाचं वजन टिकलं तर तो थोडा जास्त जगायचा. अफू मात्र फसवी. खोकला थांबायचा, घरच्यांना वाटायचं आराम पडला, आणि आजार आत शांतपणे पुढं सरकायचा. रक्त काढणं तर क्षयाच्या रुग्णाला घातकच. आज काही ठिकाणी जुन्या खोकल्यावर हिजामा करून घेतात. हिजामाच्या विरोधात आमचं काही म्हणणं नाही. पण त्यानं क्षयाचे जंतू मरत नाहीत, आणि 'आधी तीन वेळा हे करून पाहू' यात दोन-तीन महिने जातात.

आजार एकाकडून दुसऱ्याला लागतो का? सुश्रुतानं शोष, म्हणजे क्षय, हा माणसातून माणसात जाणारा आजार म्हणून सांगितला. इब्न सीनानंही सिल संसर्गी म्हटला. अठराव्या शतकात स्पेन आणि नेपल्समध्ये क्षयानं मेलेल्याचे कपडे जाळण्याचे हुकूम होते, तर उत्तर युरोपातले डॉक्टर तो खानदानी आजार मानत राहिले. १७२० मध्ये बेंजामिन मार्टेन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं लिहून ठेवलं होतं की डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव याचं कारण असावेत. कुणी लक्ष दिलं नाही. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी ते जंतू दाखवले, आणि मारणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यानंतर ६१ वर्षांनी, १९४३ मध्ये सापडलं.

'खानदानी' हा शब्द मात्र आपल्यातून गेलेला नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीला दीड-दोन महिने खोकला होता, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. रिश्त्याची बोलणी चालू होती, म्हणून दवाखान्यात नेलं नाही. नेलं तेही गाव सोडून, दुसऱ्या तालुक्यात. अल्लाहच्या करमनं ती आज ठणठणीत आहे. पण त्या दोन महिन्यांत घरातल्या लहान भावालाही लागण झाली होती. क्षय ताटातून किंवा ग्लासातून पसरत नाही, खोकणाऱ्याच्या श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत पसरणं बहुतेक थांबतं. लपवलेला रुग्ण मात्र पसरवत राहतो.

माधवरावांच्या वैद्यांकडं जे नव्हतं ते आज कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून आणि चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून मिळतं, तेही फुकट. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन कमी होणं, बेडक्यात रक्त. यातलं काही असेल तर छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी करतात. मशीनवर काही तासांत जंतू कळतो, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही हेही. साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, त्यात दूध-अंडी बसतात. शेळीच्या दुधाची जागा आता त्यांनी घेतली म्हणा! रिफॅम्पिसिननं लघवी नारंगी होते. तो औषधाचा रंग आहे, घाबरून गोळ्या बंद करू नका. महिनाभरात बरं वाटायला लागलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, अर्धवट सोडल्या तर पुढं तीच औषधं चालेनाशी होतात.

बेडका देतानाही एक लक्षात ठेवा. डबीत नुसती थुंकी दिली तर तपासणी वाया जाते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, उघड्या जागेत किंवा खिडकीपाशी उभे राहा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून आलेलाच बेडका डबीत टाका. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवा.