खुराड्यातील पहिले दिवस
अंड्यांचे प्रमाण घटले की पिंजऱ्यातील कोंबड्या साधारण ७२ ते ८० आठवड्यांच्या वयात विकल्या जातात. अशाच पाच कोंबड्या सासऱ्यांनी कत्तलखान्याच्या वाटेवरून घरी आणल्या. पिसे झडलेली, तुरे फिकट, नखे वाढलेली. पिंजऱ्यात एकीला मिळणारी किमान जागा २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार ५५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फुलस्केप कागदाहूनही कमी!

सासऱ्यांनी आठवडाभर दार बंदच ठेवले. आपले घर कोणते, हे त्यांना आधी उमगावे म्हणून. खाद्य सवयीचेच, लेयर मॅश. निपलमधून पाणी पिणाऱ्यांना भांडे उमजेना, तेव्हा चोच हलकेच बुडवून दाखविली. खरी चिंता रात्रीची. दांडीवर बसणे ठाऊक नसल्याने त्या कोपऱ्यात एकमेकींवर दाटी करीत. तिसऱ्या रात्री एक गुदमरून गेली. त्यानंतर तिन्हीसांजेला सासरे प्रत्येकीला उचलून सखल दांडीवर बसवू लागले. घरच्या गावठी कोंबड्या तूर्त जाळीपलीकडेच होत्या.

आठव्या दिवशी दार उघडले. चौघीही उंबऱ्याशी थबकल्या. दुपारी एकीने बाहेर पाय टाकला, माती उकरली आणि पंख पसरून धुळीत मनसोक्त लोळली. हे तिला कोणी शिकविले होते?