बिकॉज, सिन्स की ड्यू टू?

इंग्रजीत कारण सांगताना कोणते शब्दयोगी किंवा उभयान्वयी वापरायचे, हे आधी त्याच्या पुढे काय येणार यावर ठरते. पुढे कर्ता आणि क्रियापद असलेले वाक्य असेल तर ‘बिकॉज’, नुसते नाम असेल तर ‘बिकॉज ऑफ’. ‘द मॅच स्टॉप्ड बिकॉज इट रेन्ड’ बरोबर आणि ‘द मॅच स्टॉप्ड बिकॉज ऑफ रेन’ही बरोबर. ‘बिकॉज ऑफ इट रेन्ड’ मात्र चूक. मराठी माणूस इथे हमखास अडखळतो, कारण मराठीतले ‘मुळे’ दोन्हीकडे चालते: ‘पावसामुळे’ आणि ‘पाऊस पडल्यामुळे’.

दुसरी खोड जोडशब्दांची. ‘जर-तर’, ‘ज्याअर्थी-त्याअर्थी’ अशा जोड्यांची सवय असल्याने ‘बिकॉज’ने सुरू झालेल्या वाक्याच्या मध्यावर ‘सो’ आपसूक येऊन बसतो. ‘बिकॉज आय वॉज इल, सो आय स्टेड होम’ यातला एक शब्द काढावाच लागतो. कोणता ते लिहिणाऱ्याने ठरवावे. ‘देअरफोर’ची गोष्ट वेगळी. ते क्रियाविशेषण असल्याने दोन वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडू शकत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो.

‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ही कारणच सांगतात, पण ते कारण ऐकणाऱ्याला बहुधा आधीच ठाऊक असते. म्हणून ते वाक्याच्या सुरुवातीला शोभतात: ‘सिन्स यू आर हिअर, लेट अस बिगिन’. कारण हीच नवी माहिती असेल तर ‘बिकॉज’ हवे, ‘व्हाय?’ या प्रश्नाला ‘सिन्स’ने उत्तर देत नाहीत. शिवाय ‘सिन्स’चा मूळ अर्थ काळाचा, ‘तेव्हापासून’ असा. ‘अ‍ॅज’लाही ‘असताना’ ही छटा आहे. संदिग्धता येत असेल तिथे ‘बिकॉज’ वापरून मोकळे व्हावे. कारण सांगणारे ‘फॉर’ आता पुस्तकी वाटते आणि ते मुख्य वाक्याच्या नंतरच येते.

‘ड्यू टू’वरून बराच काळ वाद चालला. हेन्री फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात त्याचा सैल वापर नापसंत केला होता. जुन्या नियमाप्रमाणे ‘ड्यू टू’ला आधार म्हणून नाम हवे: ‘द डिले वॉज ड्यू टू फॉग’ चालेल, ‘द ट्रेन स्टॉप्ड ड्यू टू फॉग’मध्ये ‘ओइंग टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ हवे. आज हा भेद फारसा कुणी पाळत नाही, आणि दुसरे वाक्य चूक ठरवणे हटवादीपणाचे होईल.

खरी सावधगिरी नकारार्थी वाक्यात लागते. ‘ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज अँग्री’ याचे दोन अर्थ निघतात: रागामुळे त्याने राजीनामा दिला नाही, किंवा राजीनामा दिला पण त्याचे कारण राग नव्हते. ‘बिकॉज’आधी स्वल्पविराम दिला तर पहिला अर्थ पुढे येतो. दुसरा अभिप्रेत असेल तर वाक्यच बदलावे: ‘ही रिझाइन्ड, बट नॉट बिकॉज ही वॉज अँग्री’.